पाचशे डॉलरची मर्क्युरी लिलावात: एका कस्टम गाडीच्या विक्रीचा प्रकरण अभ्यास

जानेवारी २०२२. फ्लोरिडातल्या किसिमी इथे मीकम कंपनीचा वार्षिक लिलाव चालू होता. तीन हजारांहून अधिक गाड्यांच्या त्या बाजारात १९५१ सालची एक हिरवी मर्क्युरी (फोर्ड कंपनीचा एक ब्रँड) कूपे, म्हणजे दोन दारांची गाडी, मंचावर आली आणि साडेएकोणीस लाख डॉलरला हातोडा पडला. खरेदीदाराची दहा टक्के दलाली धरली की एकूण २१ लाख ४५ हजार. हीच गाडी १९५९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका विशीच्या आतल्या पोराने ५०० डॉलरला घेतली होती. त्यानंतर ती त्याच घरात राहिली आणि विकायला निघाली ती थेट या लिलावातच.

जुन्या गाड्यांच्या बाजारात एक ठोकताळा आहे: कारखान्यातून बाहेर पडली तशीच जितकी राहिली, तितकी गाडीची किंमत. मूळ इंजिन, मूळ रंग, मूळ पत्रा. या मर्क्युरीचे छप्पर कापलेले, दारामागचा खांब काढून टाकलेला, इंजिन दुसऱ्याच कंपनीचे आणि मागच्या मडगार्डांना भोके पाडलेली. ठोकताळ्याप्रमाणे तिला भंगारापेक्षा थोडा बरा भाव यायला हवा होता. तसे का झाले नाही, आणि कस्टम गाडी, म्हणजे मालकाच्या हौसेप्रमाणे बदललेली गाडी, विकायला काढणाऱ्याने या विक्रीतून काय घ्यायचे, ते इथे क्रमाने पाहू.

गाडी आहे तरी काय

तिला 'हिरोहाता मर्क' म्हणतात. बॉब हिरोहाता या तरुणाने १९५२ मध्ये आपली जवळजवळ नवी कूपे लॉस एंजेलिसजवळच्या लिनवूडमधल्या सॅम आणि जॉर्ज बॅरिस या भावांच्या गॅरेजात दिली. पत्रेकामाचा खरा हात सॅमचा, बोलका जॉर्ज.

छप्पर पुढून ४ इंच आणि मागून ७ इंच उतरवले. पुढे-मागे सारखेच कापले असते तर मागची काच उभीच राहिली असती आणि गाडी डोक्यावर टोपी चेपून बसवल्यासारखी दिसली असती. मागून जास्त उतरवल्यामुळे छप्पर डिकीत एका ओघात विरघळते. मग दारामागचा खांब काढला. तो गेला की दाराच्या काचेला मागून आधार राहत नाही, म्हणून काचेभोवती हाताने वाकवलेली कमानदार चौकट करावी लागली. ती कमान आणि बाजूने खाली झेपावणारी कडेची रेघ ही या गाडीची ओळख. रेघ १९५२ च्या ब्यूकच्या पट्टीची आहे, मागचे दिवे त्याच सालच्या लिंकनचे, पुढची जाळी फोर्डच्या तुकड्यांतून जुळवलेली आणि मागच्या मडगार्डांतल्या हवेच्या खाचांत शेवरोलेच्या जाळीचे दात बसवलेले. वर फिकट हिरवा रंग, खाली गडद हिरवा.

मूळ इंजिन २५५ घनइंचांचे, ११२ अश्वशक्तीचे व्ही-८. १९५३ मध्ये हिरोहाता ही गाडी स्वतः चालवत इंडियानापोलिसच्या प्रदर्शनाला घेऊन गेला. त्या प्रवासाआधी तिच्यात कॅडिलॅकचे ३३१ घनइंचांचे इंजिन बसवले होते. प्रवासाचा वृत्तांत त्याच वर्षी 'रॉड अँड कस्टम' मासिकात त्याच्याच नावाने छापून आला. विक्रीच्या दृष्टीने हा वृत्तांत सोन्याचा. गाडी कोणाची, इंजिन कुठले, ते कधी बसवले, हे सगळे त्या काळातच छापले गेले. तेव्हा सत्तर वर्षांनी तिचे एकवीस लाख डॉलर येतील असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते, त्यामुळे खोटे लिहिण्याचे कारणही नव्हते. १९५५ मध्ये एका हॉलिवूडपटासाठी तिचा रंग बदलला. मग ती हातोहात फिरत वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात पोचली. कस्टम गाड्यांची लाट तोवर ओसरली होती आणि कालची फॅशन विकत घ्यायला कोणी तयार नव्हते. पाचशे डॉलरचा भाव पडला तो असा.

विकायचा माल म्हणजे पुरावा

१९८० च्या दशकात या गाडीची हुबेहूब नक्कल बनली. तेच छप्पर, तीच रेघ, तेच दिवे. नक्कल उत्तम कारागिराच्या हातची होती, पण मूळ गाडी म्हणून तिच्यावर कोणी बोली लावणार नाही. पत्रा आणि रंग सारखेच असतील, तर मधला फरक कशाचा? 'हाच तो पत्रा' हे सिद्ध करणाऱ्या कागदांचा. कस्टम गाडीच्या विक्रेत्याने स्वतःला हे रोज सकाळी सांगावे, कारण बहुतेक विक्रेते पैसा रंगावर ओततात आणि फाइल रिकामी ठेवतात.

हिरोहाता मर्कच्या बाबतीत फाइल जवळजवळ आपोआप तयार झाली. १९८९ च्या सुमारास 'रॉड अँड कस्टम'च्या आग्रहाने पाचशे डॉलरला गाडी घेणाऱ्या त्याच मालकाने जीर्णोद्धार सुरू केला आणि काम नव्वदच्या दशकात पूर्ण झाले. गाडी १९५३ च्या रूपात परत आणली, चित्रपटातल्या रूपात नाही. हा निर्णय वाटतो तितका सोपा नव्हता. पडद्यावर दिसलेला रंग विकायला सोपा असतो. पण तो काही आठवड्यांच्या चित्रीकरणापुरता होता आणि बांधणाऱ्यांचा हेतू हिरव्या रंगात होता. ज्या एका दिवसापर्यंत गाडी मागे न्यायची तो दिवस आधी ठरवायचा आणि त्यानंतरचे सगळे काढायचे. दोन काळांची भेसळ झाली की जाणकार परीक्षक पहिल्या पाच मिनिटांत पकडतो.

पुढे २०१५ मध्ये गाडी कॅलिफोर्नियातल्या पेबल बीच इथल्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाच्या हिरवळीवर मर्क्युरी कस्टमांच्या खास वर्गात उभी राहिली. त्या हिरवळीवर एरवी बुगाटी आणि ड्यूसेनबर्ग अशा महागड्या जुन्या गाड्या असतात. कापलेल्या मर्क्युऱ्यांना तिथे जागा मिळणे हीच बातमी होती. २०१७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहन नोंदवहीत तिचे नाव गेले आणि वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉल या मैदानावर काचेच्या पेटीत ती लोकांसमोर ठेवली गेली. या नोंदीसोबत गाडीची मोजमापे, छायाचित्रे आणि इतिहास अमेरिकी काँग्रेसच्या ग्रंथालयातल्या अभियांत्रिकी दस्तऐवजांत जमा होतात. म्हणजे लिलाव कंपनीच्या पत्रकाआधी सरकारी दप्तरात ओळख पक्की झाली होती. सातबाऱ्यावर फेरफार चढत जावेत तशी नोंदींची साखळी, आणि मधली एकही कडी तोंडी नाही.

आपल्या गाडीला राष्ट्रीय नोंद मिळणार नसते. तरीही फाइल याच क्रमाने लावायची. आधी मालकांची साखळी: प्रत्येक विक्रीची पावती, नोंदणीची जुनी कार्डे, आणि जिथे कागद नाही तिथे त्या काळच्या माणसाचे सहीनिशी निवेदन. मग बांधणीच्या काळातली छायाचित्रे. त्यांत गाडी नुसती दिसून भागत नाही, एखादी अशी खूण हवी जी आजही गाडीवर सापडते: वेडीवाकडी वेल्डिंगची शिवण, चुकीच्या जागी पाडून बुजवलेले भोक, डॅशबोर्डवरची रेघ. कारागिराची चूक ही सगळ्यांत भरवशाची सही, कारण नक्कल करणारा चुका दुरुस्त करतो. त्यानंतर त्या काळची छापील मासिके, झेरॉक्स नव्हेत, मूळ अंक. शेवटी जीर्णोद्धाराची छायाचित्रे, आणि त्यांतही उघड्या पत्र्याची सगळ्यांत जास्त.

छपराच्या कोपऱ्यावरचे यंत्र

उघड्या पत्र्याचे फोटो का, ते मोठ्या बोलीआधीच्या तपासणीत कळते. खरेदीदाराचा माणूस रंगाची जाडी मोजणारे छोटे यंत्र घेऊन येतो. दारावर लावतो, बॉनेटवर लावतो. कारखान्याचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो, पुन्हा रंगवलेली गाडी तीनशेपर्यंत जाते. मग तो मागच्या काचेशेजारच्या कोपऱ्यावर यंत्र टेकवतो, जिथे कापलेले छप्पर डिकीच्या पत्र्याला मिळते. आकडा येतच नाही, यंत्र मर्यादेबाहेर गेल्याची खूण दाखवते. त्याच्या कपाळावर आठी पडते. आत पुट्टीचा डोंगर आहे, असा त्याचा समज होतो.

पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला पुट्टी नव्हती, शिसे होते. म्हणूनच या गाड्यांना शिशाच्या घसरगाड्या म्हणायची पद्धत पडली. सांध्यावर आधी तापवून कल्हई द्यायची, मग साधारण सत्तर भाग शिसे आणि तीस भाग कथील असलेली कांडी ज्योतीखाली धरायची. हा मिश्रधातू १८३ अंश सेल्सिअसला मऊ पडू लागतो आणि अडीचशेच्या पुढे पाण्यासारखा वाहतो. मधल्या पट्ट्यात तो लोण्यासारखा असतो, तेव्हाच चरबी किंवा तेल लावलेल्या लाकडी पट्टीने पसरवायचा आणि थंड झाला की कानशीने उतरवायचा. यंत्र पृष्ठभागापासून लोखंडापर्यंतचे अंतर मोजते. शिसे चुंबकाला लागत नाही, पुट्टीही लागत नाही. त्यामुळे त्याच्या लेखी दोन्ही सारखेच. फरक दाखवतो तो फक्त फोटो: राखाडी, चकचकीत, कानशीचे ओरखडे असलेला सांधा.

शिशाच्या कामात एक दोष वर्षभराने उगवतो, आणि नेमका विक्रीच्या तोंडावर उगवला तर पंचाईत. कल्हईच्या वेळी पत्रा साफ करायला लावलेले आम्लधर्मी फ्लक्स छिद्रांत अडकून राहते. सांधा सोड्याच्या पाण्याने घासून धुतला नाही, तर ते आतून पत्रा खात राहते आणि रंगाला तांदळाएवढे फोड येतात. फोड फक्त सांध्याच्या रेषेत असतील तर कारण हेच समजावे. वरून रंग मारून ते दबत नाहीत. तेवढा भाग उघडा करून, धुऊन, सुकवून पुन्हा भरावा लागतो. लिलावाला दोन महिने असताना हे निघाले तर गाडी त्या लिलावातून काढून पुढच्या लिलावात न्यावी. घाईने झाकलेला फोड मंचावरच्या दिव्यांखाली हमखास दिसतो.

खांब काढलेल्या गाडीची आणखी एक खोड आहे. छप्पर आणि मधला खांब मिळून जो ताठपणा देतात तो बराच गेलेला असतो. एका कोपऱ्याखाली जॅक लावला की दाराची फट वर रुंद, खाली अरुंद होते. तपासणीला गाडी उचलायची तर सांगाड्याखाली दोन्ही बाजूंनी एकदम, नाहीतर ॲक्सलखालून. हे कागदावर लिहून गाडीसोबत द्यावे. लिलावाच्या आवारातल्या मुलाला ही गाडी इतर तीन हजारांसारखीच एक असते.

कागद, क्रमांक आणि एक भारतीय तळटीप

अमेरिकेत मालकीचा कागद म्हणजे टायटल. त्यावरचा क्रमांक आणि गाडीवरचा क्रमांक अक्षराला अक्षर जुळले पाहिजेत, नाहीतर लिलाव कंपनी दारातूनच परत पाठवते. कस्टम गाड्यांत इथे दोन सापळे असतात. पन्नासच्या दशकाच्या मध्यापर्यंत अनेक राज्यांत गाडीची नोंद इंजिनच्या क्रमांकावर होई. इंजिन बदलले आणि कागद तोच राहिला, तर तो कागद आज अस्तित्वात नसलेल्या इंजिनचा असतो. दुसरा सापळा सांगाड्याचा. गाडी खाली बसवण्यासाठी मागच्या ॲक्सलवर सांगाडा अर्धवर्तुळात कापतात, आणि कधी क्रमांक त्याच पट्ट्यात असतो. क्रमांक सापडत नसेल तर स्वतः ठोकून घेण्याच्या फंदात कोणी पडू नये. तो गुन्हा आहे. राज्याच्या वाहन विभागाकडून तपासणी करून घ्यायची आणि त्यांनी दिलेला क्रमांक टायटलवर चढवायचा. याला काही महिने लागतात, म्हणून कागदांचे काम रंगाच्या आधी.

मालक वारला असेल तर टायटल वारसांच्या किंवा न्यासाच्या नावावर झालेले हवे. हिरोहाता मर्क मालकाच्या निधनानंतर कुटुंबाने विकली. अशा विक्रीत सर्व वारसांच्या सह्या कराराआधी घेतल्या नाहीत, तर हातोडा पडल्यावर एक भाऊ 'मला विचारलेच नाही' म्हणत उभा राहतो. हे दृश्य आपल्याकडे जमिनीच्या व्यवहारात नवे नाही.

भारतात हीच गाडी कशी चालली असती? चाललीच नसती. जुलै २०२१ मध्ये आलेल्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींना 'व्हीए' मालिकेचा स्वतंत्र क्रमांक मिळतो. त्यासाठी २०,००० रुपये शुल्क आहे आणि नोंदणी दहा वर्षांची. पण अट अशी की गाडी मूळ रूपात असावी, सांगाडा, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. शिवाय गाडीतल्या बदलांवर बंधन घालणारे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहेच, आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. पुण्या-मुंबईत छप्पर कापलेली जुनी ॲम्बेसेडर सांभाळणाऱ्याने विक्रीआधी हे ध्यानात घ्यावे. प्रदर्शनातली वस्तू म्हणून ती विकता येईल, रस्त्यावरची गाडी म्हणून कागद उभा राहणार नाही. कॅलिफोर्निया किंवा टेक्सासमध्ये अशी गाडी घेऊन ठेवलेल्या मराठी मंडळींनी ती इकडे आणायचा बेत करण्याआधीही हेच वाचावे.

करार आणि हिशोब

लिलाव कंपनीशी बोलणी तीन-चार महिने आधी सुरू होतात. वाटाघाट फक्त दलालीच्या टक्क्यावर होते असे नवख्याला वाटते. खरे तर टक्क्याइतक्याच महत्त्वाच्या गोष्टी तीन: गाडी कोणत्या दिवशी किती वाजता मंचावर येणार, पत्रकात किती पाने मिळणार, आणि वर्णनात शब्द कोणते वापरणार. शनिवारी दुपारी खोली भरलेली असते आणि दूरचित्रवाणीवर प्रक्षेपण चालू असते. मंगळवारी सकाळी तीच गाडी रिकाम्या खुर्च्यांपुढून जाते.

वर्णनातला एक शब्द लाखाचा असतो. 'बॅरिस यांनी बांधलेली' आणि 'बॅरिस शैलीतली' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिला दावा करायचा तर फाइलमध्ये आधार हवा. नसेल तर दुसरा लिहावा, नाहीतर विक्री रद्द करण्याचा हक्क खरेदीदाराच्या हाती आपणच देतो. पत्रकाचा मसुदा छापण्याआधी मागून घ्यावा आणि ओळ न् ओळ तपासावी. लिहिणारा रोज पन्नास गाड्यांवर लिहितो आणि उत्साहात विशेषणे घालतो.

राखीव किंमत, म्हणजे जिच्याखाली गाडी विकायची नाही ती किंमत, ठेवायची की नाही, हा वाद जुना आहे. राखीव किंमत ठेवली आणि बोली तिथवर गेली नाही, तर गाडी न विकता परत जाते, आणि ते सगळ्या बाजाराने पाहिलेले असते. पुढच्या वेळी प्रत्येक जण त्याच न पोचलेल्या आकड्यापासून खाली मोजतो. राखीव किंमत नसेल तर खोलीत विश्वास वाढतो, दलालीही बहुधा कमी लागते, पण त्या दिवशी दोन गंभीर बोलीदार नसले तर गाडी मातीमोल जाते. मधला मार्ग असा: राखीव किंमत गुप्त आणि वास्तव ठेवायची, आणि बोली जवळ आली की मंचाशेजारी उभे राहून ती स्वतः उठवायची. उठवल्याचे जाहीर झाले की 'आता गाडी जाणारच' हे कळून थबकलेले हात पुन्हा वर जातात. त्यासाठी विक्रेता किंवा निर्णयाचा अधिकार असलेला एकच माणूस तिथे हवा. फोनवर तीन भावंडांची सभा भरवायला वेळ नसतो, एका गाडीला मंचावर मोजकी मिनिटेच मिळतात.

हिरोहाता मर्कच्या अंदाजाला आधाराचा आकडा नव्हता, कारण १९५९ नंतर ती विकलीच गेली नव्हती. ही अडचणही होती आणि ताकदही. साठ वर्षे एका घरात राहिलेली गाडी बाजाराने उष्टावलेली नसते.

आता पैसे. हातोडा १९,५०,००० डॉलरला पडला. खरेदीदाराची दलाली १,९५,०००. खरेदीदाराने भरले २१,४५,०००. वर्तमानपत्रांत हा शेवटचा आकडा येतो आणि विक्रेत्याचे शेजारी तोच धरून बसतात. विक्रेत्याचा हिशोब मात्र हातोड्यापासून खाली चालतो. समजा विक्रेत्याची दलाली सहा टक्के असती, तर १,१७,००० वजा होऊन १८,३३,००० उरले असते. दहा टक्के असती तर १७,५५,०००. इतक्या मोठ्या गाडीला कंपनी टक्का बराच खाली आणते, कधी सोडूनही देते, कारण अशी गाडी इतर शेकडो गाड्यांसाठी गर्दी खेचते. लहान गाडीच्या विक्रेत्याला तेवढे मिळत नाही. त्याने प्रवेश शुल्क, वाहतूक, विमा आणि गाडी परत आणायचे भाडे हे चार आकडे आधी मांडावेत.

करात तर सगळे उलटेपालटे होते. अमेरिकेत संग्राह्य वस्तूंच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर केंद्रीय कर २८ टक्क्यांपर्यंत लागतो, राज्याचा वेगळा. पाचशे डॉलरला घेऊन जीर्णोद्धारावर खर्च केलेली गाडी मालकाने हयातीत विकली, तर जवळजवळ सगळी रक्कम नफा ठरते. वारसाने विकली तर खरेदीची किंमत म्हणून मृत्यूच्या दिवसाचे बाजारमूल्य धरतात. म्हणून मृत्यूच्या तारखेचे लेखी मूल्यांकन हा फाइलमधला सगळ्यांत महागडा कागद ठरू शकतो, आणि तो वर्षानुवर्षे पुढे ढकलला जातो.

बॅटमोबाइलची तुलना, आणि ती का फसते

कस्टम गाडीचा विक्रेता हमखास बॅटमोबाइलचे, म्हणजे बॅटमॅनच्या गाडीचे, उदाहरण काढतो. १९५५ ची लिंकन फ्युचुरा ही प्रदर्शनाची एकमेव गाडी, इटलीतल्या गिया कारखान्यात बांधलेली. जॉर्ज बॅरिस यांनी ती पुढे दूरचित्रवाणी मालिकेसाठी बदलली आणि मालिका १९६६ मध्ये सुरू झाली. गाडी स्वतःकडेच ठेवून १९ जानेवारी २०१३ रोजी स्कॉट्सडेलच्या बॅरेट-जॅक्सन लिलावात त्यांनी ती विकली. हातोडा ४२ लाखांना, दलालीसह ४६ लाख २० हजार डॉलर.

तिथे विकले गेले ते पडद्यावरचे बालपण. खोलीतल्या प्रत्येकाला ती ओळखण्यासाठी पत्रेकामातले काही कळायची गरज नव्हती. हिरोहाता मर्कच्या बोलीदाराला चार आणि सात इंचांचा अर्थ कळतो, म्हणून तो थांबत नाही. गिऱ्हाईकच वेगळे. पहिल्या जातीची गाडी प्रसिद्धीवर विकावी, दुसरी फाइलवर. आणि पडद्यावरची गाडी विकताना करारात एक कलम स्वच्छ लिहावे: विकली जाते ती वस्तू, नक्कल करण्याचा हक्क नाही. अमेरिकेच्या नवव्या सर्किट अपील न्यायालयाने २०१५ मध्ये बॅटमोबाइल हे कॉपीराइटने संरक्षित पात्र आहे असे ठरवून नकला विकणाऱ्याविरुद्ध निकाल दिला. गाडीसोबत खेळणी काढायचा हक्क मिळाला, अशा समजात कोणी घेतली तर खटला विक्रेत्याच्या दारात येतो.

वाहतूक, वीज आणि रांग

बंद ट्रेलर, आणि तोही हायड्रॉलिक फळीचा. खाली बसवलेली गाडी तिरक्या उतारावर चढवली की सायलेन्सर किंवा पुढचा बंपर घासतो. पट्टे चाकांच्या टायरवरून आवळायचे, सस्पेन्शनमधून नाही. पेट्रोल पाव टाकी.

१९५१ ची मर्क्युरी सहा व्होल्टची, आणि तिच्या बॅटरीची धन बाजू सांगाड्याला जोडलेली. १९५३ च्या कॅडिलॅकपासून बारा व्होल्ट आले, आणि तिथे ऋण बाजू सांगाड्याला जोडलेली. जिथे एकीच्या पोटात दुसरीचे इंजिन असते, तिथे नेमके काय केले आहे हे बाहेरून कळत नाही. आवारातला मदतनीस सवयीने बारा व्होल्टची स्टार्टर पेटी लाल-काळे बघून लावतो आणि डायनॅमो, काटे, कधी वायरिंग जळते. बॅटरीच्या झाकणावर मोठ्या अक्षरांत व्होल्ट आणि कोणती बाजू सांगाड्याला आहे ते लिहिलेले लेबल लावावे. एक डॉलरचेही काम नाही.

मंचाकडच्या रांगेत गाडी अर्धा-पाऊण तास पुढे-मागे होत राहते. रिकाम्या गतीवर जुना डायनॅमो धड चार्ज देत नाही आणि रेडिएटरमधून हवा कमी जाते. इंजिन तापले की पेट्रोलच्या नळीत वाफ अडकते, गाडी बंद पडते आणि मंचावर ढकलत न्यावी लागते. म्हणून रांगेत इंजिन बंद ठेवून ढकलायचे आणि मंचाच्या आधीच्या दोन गाड्या राहिल्या की चालू करायचे. बोलीच्या मिनिटांत इंजिन एकसारखे गुरगुरत असेल तर बोलीदारांच्या मनातली एक शंका तरी मिटते.

हातोड्यानंतर

विजेत्याची सही झाली तरी गाडी विकली गेली असे धरू नये. टायटल कंपनीकडे जमा असते. खरेदीदाराचे पैसे बँकेत खरोखर जमा झाल्याशिवाय ते पुढे जाता कामा नये, हे कलम करारात आहे का ते आधीच बघावे. हातोड्याच्या क्षणी जोखीम कोणाकडे जाते हेही त्याच करारात असते. काही करारांत ती तत्काळ खरेदीदाराकडे जाते, काहींत पैसे चुकते होईपर्यंत विक्रेत्याकडेच राहते. म्हणून ठरलेल्या मूल्याचा विमा पैसे हाती येईपर्यंत बंद करू नये. कॅलिफोर्नियातल्या विक्रेत्याने हस्तांतराची सूचना पाच दिवसांत वाहन विभागाला द्यायची असते. ती राहिली तर नव्या मालकाचे दंडाचे कागद जुन्या पत्त्यावर येत राहतात. आणि मूळ फाइल गाडीसोबत जाताना तिची संपूर्ण स्कॅन प्रत विक्रेत्याने स्वतःकडे ठेवावी: वर्णनावरून वाद निघाला तर उत्तर त्याच कागदांतून द्यायचे असते, आणि तोवर ते दुसऱ्याच्या कपाटात असतात.